घरातला वीर

नाशिककडे कुणी ‘आमच्या घरात वीर आहे’ म्हणालं, की समजावं, या घराण्यातला कुणी पूर्वज कधीकाळी लढाईत पडला. मागच्यांनी त्याचा टाक करवून तो देवघरात कुलदैवताशेजारी बसवला. धुळवडीला घरातलं माणूस तो टाक हाती घेऊन वाजतगाजत गोदावरीवर जातं, वीराला आंघोळ घालतं आणि घरी परत आणतं. कुठली लढाई, कुठलं साल, हे बहुतेक घरांत आता सांगता येत नाही. कित्येकदा नावही विसरलेलं असतं. शब्द तेवढा राहिला आहे.

आणि हा शब्द मुळात घरचाच आहे. वेदांत ‘वीर’ म्हणजे पराक्रमी पुरुष, तसाच मुलगाही. ऋषी देवांकडे ‘सुवीर’ होण्याचं मागणं मागतात, ते पदरी चांगले लेक असावेत म्हणून. पंजाबात बहीण आजही भावाला ‘वीर’ म्हणते. रणावर जाण्याआधीपासून या शब्दाला आई होती, बहीण होती.

पुढे त्याचा दगड झाला. वीरगळातल्या ‘गळ’चा गळ्याशी काही संबंध नाही. कन्नडात ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून ‘वीरगल्लु’ आणि आपला वीरगळ. या स्मारकशिळेच्या तळाच्या चौकटीत वीराची लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर जहाजं आणि वल्हीसुद्धा आहेत. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र कोरलेलं नसतं. ज्यांनी दगड उभा केला त्यांना ते कोरायची गरज वाटली नसेल. माणूस त्यांच्याच घरातला होता.

‘धारातीर्थी पडला’ हा प्रयोग भाषणांत फार वापरून गुळगुळीत झाला, पण त्याची घडण सुंदर आहे. संस्कृतात ‘धारा’ पाण्याची, तशीच तलवारीची. तीर्थ म्हणजे पाण्यात उतरायची जागा. तलवारीच्या धारेतच ज्याला घाट सापडला, तो धारातीर्थी. अरबीतून आलेल्या ‘शहीद’च्या मुळाशी साक्ष देणारा आहे, ‘हुतात्मा’त अग्नीत दिलेली आहुती. मला या सगळ्यांहून बखरींतला साधा शब्द जवळचा वाटतो: ‘कामास आले’. त्यात मरणाचा उच्चारही नाही. शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून गेलेल्या माणसाबद्दल बोलावं, तसं ते बोलणं आहे.

त्याच काळाचा आणखी एक शब्द आहे, ‘बालपरवेशी’. फारसी ‘परवरिश’ म्हणजे पालनपोषण, आणि त्याच्या आधी आपलं ‘बाल’. चाकरीत कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांना सरकारातून जी नेमणूक होई, तिचं हे नाव. शौर्य, कीर्ती, स्वर्ग यांतलं काहीच या शब्दात नाही. बाप गेला आहे आणि पोरांना संध्याकाळी जेवायचं आहे, एवढंच त्यात आहे. हा शब्द आपण वापरातून जाऊ दिला, याची मला मनापासून खंत वाटते.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले. पुढे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा परका शब्द कायमचा चिकटला आणि गावाने तो आपलासा केला. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, कुटच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्याच मुलखातलं बसरा म्हटलं की मराठी घरात नथीतले मोती आठवतात. तिथल्या युद्धस्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. ज्याच्या टाकावर नाव नाही त्याला दरवर्षी आंघोळ घालणारं कुणीतरी असतं. त्या आकड्यातल्या माणसाला ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं.

आता मागे राहिलेल्या बायकोसाठीचे ‘वीरपत्नी’ आणि ‘वीरनारी’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. वीराची पत्नी ती वीरपत्नी, हा षष्ठी तत्पुरुष. तिची ओळख गेलेल्यावरून. सैन्यात रूढ झालेल्या ‘वीरनारी’चा सरळ विग्रह मात्र ‘वीर अशी नारी’ असा होतो. कर्मधारय. इथे वीर तीच आहे. सासू-सासऱ्यांची औषधं, पोरांची फी, बांधावरची भांडणं तिच्यावर आलेली असतात, आणि सैनिक कल्याण कार्यालयातल्या अर्जावर सहीही तिचीच लागते.