करवतकाठी आणि संगणक

श्रोतेहो, संगणक म्हटला की डोळ्यांपुढे कचेरी येते, नाही तर बँक. पण या यंत्राचे कूळ शोधीत मागे गेलो, तर आपण थेट विणकराच्या मागापाशी पोहोचतो.

1804 साली फ्रान्समध्ये जाकार याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. त्याच्याच नावाचा 'जेकार्ड' आपले विणकर आजही ओळखतात. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलायचा, नसेल तिथे खाली ठेवायचा. एवढ्या 'होय-नाही'वर वेलबुट्टी विणता येऊ लागली. पुढे इंग्रज गणिती बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे पत्करले. संगणकातील एक आणि शून्य म्हणजे तरी काय? तीच होय-नाही!

आता आपल्या भंडारा जिल्ह्यात या. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी प्रसिद्ध. ऐन आणि अर्जुन या झाडांवर पोसलेल्या किड्यांचा हा कोसा. त्याच्या लुगड्याच्या काठाला करवतीसारखे दाते असतात, म्हणून ती करवतकाठी. हे दाते साधायला तीन धोटे लागतात. एक अंगाचा, दोन काठांचे. अंगाचा आणि काठाचा बाणा हाताने एकमेकांत अडकवीत न्यावा लागतो. काम दिवसांचे, घाईचे नव्हे.

आज नमुना पडद्यावर आखतात. एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याचा एक छेद. रंग क्षणात बदलून पाहता येतो. नव्या मागांना पुठ्ठेही लागत नाहीत. विणकराच्या मुलाने हे अवश्य शिकावे. धोका आहे तो दुसरीकडे. त्याच पडद्यावरून करवतीचे चित्र स्वस्त कापडावर छापता येते. दुरून दोन्ही सारखीच! गिऱ्हाईक फसले, की हातमागाची मजुरी बुडालीच म्हणून समजा.

म्हणून कापड उलटून पाहा. छापलेले दाते मागल्या बाजूस बहुधा फिके पडतात. विणलेले दोन्हीकडून दिसतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक तास एवढ्यासाठी द्या. मुलांना चौकटीच्या वहीत करवतीचा काठ भरायला सांगा. भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य. मग त्यांना सांगा की, बाळांनो, हे गणित आधी मागावर चालले, संगणकात नंतर आले. आपल्या गावच्या मागाकडे मुले मग निराळ्या नजरेने पाहतील.