काम, फुरसत आणि खेळ : नांदेड-लातूर परिसर

नांदेड व लातूर जिल्ह्यांत काम, फुरसत आणि खेळ यांचा मेळ पिकांच्या हंगामावरून बसत आला आहे. भोंग्यावर चालणारा कामाचा दिवस नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या मोजक्या ठिकाणीच रुळला. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुट्टी दिली, पण शेतमजूर त्या कायद्याबाहेरच राहिला. पाडव्याला वर्षाची बोली ठरवून राहणाऱ्या सालगड्याला तर सणावारीही जनावरांचे चारापाणी चुकत नाही.

सोयाबीन घरात आले आणि रब्बीची पेरणी उरकली, की मार्गशीर्षात थोडी उसंत मिळते. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, ती याच दिवसांत. घोडे-गाढवांचा बाजार आणि कुस्त्यांचा फड तिथे एकाच गर्दीत रंगतो. लगेच येणारी अमावास्या ही वेळा अमावास्या, बोलीभाषेत येळवस. त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात आणि घरेच्या घरे आंबील, भज्जी, उंडे घेऊन शेतावर जातात. हा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून बायकांच्याच हाती असतो. गावाची सुट्टी त्यांच्यासाठी कामाचाच दिवस ठरते, आणि येथील फुरसतीची कोणतीही मांडणी हे वगळून पुरी होत नाही. झोके आणि फुगड्या त्यांच्या वाट्याला येतात त्या नागपंचमीला.

जत्रेतील फड लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्तीने सुरू होतो. इनाम चढत जाते, हलगी कडाडते आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतही महाशिवरात्रीच्या सुमारास कुस्त्या होतात. खेळणारे आणि पाहणारे बहुतेक एकाच शेतकरी समाजातले. मात्र रोजच्या जोर-बैठका आणि दूध-बदामाचा खुराक मजुरीवर पोट भरणाऱ्याला झेपत नाही. त्यामुळे तालमीत टिकायचे तर घरचा, गावाचा किंवा वस्तादाचा आधार लागतो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीतून पुढे आले. १९६९मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७०च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

पुढे खेळ हाच रोजगाराचा मार्ग होऊ लागला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दुसरीकडे, लातूरमध्ये ‘नीट’च्या शिकवण्यांनी अकरावी-बारावीच्या मुलांची खेळायची संध्याकाळच व्यापली. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण मात्र पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यांवर धावतात: मुले १,६०० मीटर, मुली ८०० मीटर. त्याच्या जोडीला १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. यातल्या अनेकींना घरून रोज मैदानावर जाण्याची मोकळीक प्रथम मिळाली ती या भरतीच्या निमित्ताने.