घारापुरीच्या तोफा आणि आजीने ऐकलेला आवाज

माझी आजी पनवेलची. तिची एक गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की आम्ही पुढचं वाक्य आधीच म्हणायचो. चैत्रातली दुपार, अंगणात कुरडया वाळत घातलेल्या, आणि अकरा वर्षांची आजी हातात काठी घेऊन कावळे हाकायला बसलेली. आभाळ निरभ्र. अचानक पश्चिमेकडून एक दणका आला. कावळे सगळे एकदम उडाले. थोरले काका बाहेर येऊन म्हणाले, "जपानी आले!" अर्ध्या तासाने दुसरा दणका. मग मात्र कुरडया तशाच टाकून सगळे घरात.

आजी आता नाही. गोष्ट आठवायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात एका विकांताला लेकीला घेऊन घारापुरीला गेलो होतो, लेणी बघायला नाही, तर तोफा बघायला.

पनवेलकरांना घारापुरी तशी जवळचीच (नकाशावर तरी!). बेट रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. पण आपण जाणार कसे? हार्बर लोकलने सीएसएमटी, तिथून गेटवे, मग तासभर लाँच. म्हणजे आधी बेट मागे टाकून मुंबईला जायचं आणि मग समुद्रातून अर्ध्या वाटेवर परत यायचं. असो.

गेटवेवरून लाँच निघाली की थोड्याच वेळात पाण्यात एक छोटं, तटबंदी असलेलं बेट दिसतं. ते मिडल ग्राउंड. नौदलाच्या ताब्यात असल्यामुळे लांबूनच बघायचं. इथूनच खरं तर गोष्ट सुरू होते. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली, शहर मोकळं झालं. पण त्याच सुमाराला जगात लोखंडी चिलखताच्या, वाफेवर चालणाऱ्या युद्धनौका आल्या. अशी एखादी नौका बंदरात शिरली तर काय? म्हणून १८७० मध्ये खास मुंबई बंदराच्या राखणीसाठी दोन चिलखती नौका इंग्लंडमध्ये बांधल्या गेल्या, 'मॅगडाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया'. (नावं १८६८ च्या अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवरून. तिचं सैन्य मुंबईहूनच गेलं होतं.) प्रत्येकीवर दोन फिरते बुरूज, प्रत्येक बुरुजात दोन तोफा. पुढे १८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवर पंजदेहला रशियाशी खटका उडाला, आणि आता रशियन आरमार येणार या धास्तीने हिंदुस्थानातल्या बंदरांवर तोफखान्यांची कामं जोरात निघाली. १९०३ मध्ये त्या दोन्ही नौका विकून टाकल्या. रशियन काही आले नाहीत.

घारापुरीच्या तोफा या साखळीतल्या नंतरच्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. लेण्यांपर्यंतच्या सव्वाशेक पायऱ्या, टोप्या आणि कणसं विकणारी दुकानं, माकडं, हे सगळं ओलांडून वर टेकडीची वाट लागते. लेण्यांपाशी असते ती गर्दी इथे एकदम ओसरते. वर गोल खड्ड्यात लोखंडी बैठकीवर बसवलेली, कित्येक मीटर लांबीची काळी तोफ. खड्ड्याला लागून दारूगोळ्याच्या खोल्या. आत अंधार, कुबट वास, आणि भिंतींवर बदाम कोरलेले, अमुक लव्ह तमुक.

तिथे एकजण आपल्या पाहुण्यांना ठासून सांगत होता, "ही पोर्तुगीजांची तोफ." हे फार ठिकाणी ऐकायला मिळतं. पण दोन मिनिटं तोफेकडे नीट बघा. पोर्तुगीजांच्या काळातली तोफ म्हणजे ओतीव नळी, दारू आणि गोळा पुढून तोंडातून ठासायचा. ही तोफ मागून उघडते. शिवाय अख्खी बैठक गोल फिरते. ही सगळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कारखान्यांची करामत. मॅगडालावरच्या सुरुवातीच्या तोफासुद्धा तोंडातूनच भरायच्या होत्या! तेव्हा पोर्तुगीजांना यातून मुक्त करायला हरकत नाही.

मग तोफ एवढ्या उंचावर कशाला? एक कारण म्हणजे वरून पडणारा गोळा जहाजाच्या बाजूच्या चिलखताला नाही, तर वरच्या डेकला भिडतो, आणि डेक पातळ असतो. दुसरं कारण माझ्यासारख्या माणसाला जास्त आवडणारं. उंची माहीत असली की अंतर काढता येतं. समजा तुम्ही समुद्रापासून १५० मीटर उंच आहात. जहाज पाण्याला टेकतं तिथे दुर्बीण रोखा आणि ती आडव्या रेषेपासून किती खाली झुकली ते मोजा. दीड अंश झुकली तर जहाज साधारण पावणेसहा किलोमीटरवर, दोन अंश झुकली तर सव्वाचारवर. शाळेतली त्रिकोणमिती! ब्रिटिशांचे किनारी तोफखाने याच तत्त्वावरची यंत्रं वापरत. फक्त मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचा चार-पाच मीटरचा फरक पडतो, तेवढी दुरुस्ती करत राहायची.

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "बाबा, मग यांनी किती जहाजं बुडवली?"

एकही नाही. दोन्ही महायुद्धांत शत्रूची युद्धनौका मुंबई बंदरात शिरलीच नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन 'एमडन'ने तोफा डागल्या त्या मद्रासवर. मुंबईच्या वाट्याला आलं 'वोल्फ' नावाचं दुसरं जर्मन जहाज. पण ते आलं साध्या मालवाहू बोटीच्या सोंगात. फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने मुंबईच्या बाहेरच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले आणि निघून गेलं. जूनमध्ये 'मंगोलिया' हे प्रवासी जहाज त्यातल्या एका सुरुंगावर आदळून बुडालं. आता टेकडीवरून दुर्बीण रोखायची कशावर? जहाज केव्हाच गेलेलं, सुरुंग पाण्याखाली.

आणि मग १९४४. आजीच्या काकांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब टाकले होते. पण १४ एप्रिल १९४४ चा दणका जपान्यांचा नव्हता. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे आपल्याच बाजूचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्या जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. धोक्याचा माल आहे हे सांगणारं लाल निशाण जहाजावर लावलेलंच नव्हतं. स्फोटकं लगेच उतरवून घ्यायची, तीही राहून गेली. दुपारी आग लागली. जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं, यावर दोन तास निर्णय झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. मेलेल्यांचे अंदाज आठशे ते तेराशे. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान, जे आग विझवायला पुढे गेले होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. युद्धकाळ असल्याने बातमीवर सेन्सॉर होता. वर्तमानपत्रांत छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. तोवर पनवेलच्या अंगणात "जपानी"च.

तो वार शुक्रवार होता. आमच्या धंद्यातले लोक हे वाचून क्षणभर थांबतील. बाहेरून कुणी शिरू नये म्हणून आम्ही भिंतीवर भिंत बांधतो, आणि घात होतो तो आतल्याच कुणीतरी न लावलेल्या एका खुणेमुळे, न घेतलेल्या एका निर्णयामुळे. आमच्याकडे फार तर सर्व्हर पडतो. गोदीत माणसं होती.

परतीच्या लाँचमध्ये मी फोनवर नकाशा उघडून सहज एक रेघ ओढली, व्हिक्टोरिया गोदीपासून पनवेलपर्यंत. अंतर साधारण २८ किलोमीटर. आवाज सेकंदाला ३४५ मीटर जातो असं धरलं तर पनवेलला पोचायला ८१ सेकंद. आणि रेघ कुठून जाते? जवळपास थेट घारापुरीवरून. गोदीपासून नऊ किलोमीटर, म्हणजे सव्वीस सेकंद.

म्हणजे आजीने ऐकलेला तो आवाज आधी या तोफांच्या डोक्यावरून गेला होता. शहर वाचवायला बसवलेल्या तोफा जागच्या जागी राहिल्या, आवाज पुढे गेला, आणि पंचावन्न सेकंदांनी पनवेलच्या एका अंगणातले कावळे उडाले.

लेकीला हे सांगितलं. तिने मनाशी आकडे मोजायला सुरुवात केली. एक्क्याऐंशीपर्यंत मोजायला खूप वेळ लागतो, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

(जाणार असाल तर सोमवारी लेणी बंद असतात. पाणी जवळ ठेवा, माकडांपासून पिशवी सांभाळा. आणि कृपा करून भिंतीवर नाव कोरू नका.)