स्टिअरिंग-थरथर (उंचावलेल्या जीपमधील)

खड्ड्याच्या धक्क्याने पुढची चाके व स्टिअरिंग डावीउजवीकडे वेगाने हलत राहण्याचा दोष. अखंड पुढच्या आसाच्या गाड्यांत तो विशेष आढळतो : मुंबईत जोडलेली विलीज जीप, १९८५ ची मारुती जिप्सी (पहा : जीप). उंचीसाठी पाट्यांना (लीफ स्प्रिंगांना) लांब शॅकल लावल्याने कॅस्टर कोन (स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल) घटून थरथर बळावू शकते. मोठे टायर सांध्यांतील झीज उघड करतात. तपास हवेचा दाब व बॅलन्सिंगपासून सुरू होतो. मग उभ्या गाडीचे स्टिअरिंग एकजण थोडे हलवतो, दुसरा टायरॉड एंड व पाट्यांचे बुश पाहतो. किंगपिन बेअरिंगसाठी चाक उचलावे लागते. स्टिअरिंग डॅम्पर दोष केवळ झाकतो. माळशेजसारख्या घाटात नियंत्रण सुटण्याचा धोका मोठा. फेरबदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२ लागू. त्यांच्या नोंदीची कार्यालये : उदा., ठाणे (एमएच ०४), कल्याण (एमएच ०५) (पहा : प्रादेशिक परिवहन कार्यालय).