लिनक्समधील प्रायोगिक ड्रायव्हर व वीजव्यवस्थापन

लिनक्स कर्नलमधील कच्च्या ड्रायव्हरांचे दोष अनेकदा यंत्र झोपवताना (सस्पेंड) किंवा उठवताना (रिझ्यूम) उघडे पडतात. म्हणून या दोन्ही विषयांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पुरते न घडलेले ड्रायव्हर ठेवण्यासाठी 2008 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ हा विभाग सुरू केला. त्यातला ड्रायव्हर चढवला की कर्नलवर ‘सी’ अक्षराचा डाग पडतो. हा ‘सी’ ‘क्रॅप’चा, म्हणजे चक्क कचऱ्याचा! तक्रार आली की विकासक आधी हे डाग तपासतात. त्यापूर्वी कच्च्या कोडचा इशारा म्हणून असलेला ‘एक्सपेरिमेंटल’ हा पर्याय 2013 मध्ये काढून टाकण्यात आला. जवळपास सगळेच तो चालू ठेवत असल्याने त्या इशाऱ्याला अर्थ उरला नव्हता.

उठताना यंत्र अडकले तर स्क्रीन काळी असते आणि डिस्क जागी झालेली नसते; मग लॉग लिहायचा कुठे? अशा वेळी दोष शोधण्यासाठी कर्नलमध्ये असलेली ‘पीएम-टेस्ट’ ही सोय पाच टप्प्यांची आहे: प्रक्रिया गोठवणे, उपकरणे निजवणे, प्लॅटफॉर्म, इतर प्रोसेसर आणि शेवटी गाभा. प्रत्येक टप्प्यावर यंत्र काही सेकंद थांबून परत येते. जिथून ते परतत नाही, तिथे दोष शोधावा. ‘पीएम-ट्रेस’ याहून चतुर आहे. ते शेवटच्या पायरीची खूण यंत्रातल्या घड्याळातच लिहून ठेवते, कारण रिस्टार्टनंतरही टिकणारी जागा तेवढीच. चोर सापडतो, पण तारीख भलतीच होऊन बसते.

अशा अर्धवट आधाराचे महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचे. आकाश-2 चे अनावरण 11 नोव्हेंबर 2012 रोजी झाले. त्यात ऑलविनर ए-13 चिप आणि 512 एमबी रॅम होती. मूळ प्रणाली अँड्रॉइड असली तरी आयआयटी मुंबईच्या गटाने एसडी कार्डावरून त्यावर लिनक्स चालवून दाखवले; कार्ड काढले की पुन्हा अँड्रॉइड. अधिकृत कर्नलमध्ये या चिपला आधार मिळाला तो 3.8 आवृत्तीत (2013), आणि तोही अगदी प्राथमिक. बॅटरीची पातळी कळायला आणखी काही वर्षे गेली.

वीजव्यवस्थापनात खुद्द विजेचाही विचार करावा लागतो. बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे, पण 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी तेही बंद ठेवावे लागले. जिथे विजेचा भरवसा नसतो, तिथे सस्पेंडपेक्षा हायबरनेट बरे: सस्पेंडमध्ये काम रॅममध्येच राहते आणि यूपीएस संपला की जाते, हायबरनेटमध्ये ते डिस्कवरच्या ‘स्वॅप’ या राखीव जागेत उतरते. स्वॅप अपुरी असेल तर यंत्र निजतच नाही. बूट करताना तिचा पत्ता चुकला, तर यंत्र कोऱ्या पाटीने सुरू होते. सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक वितरणांत कर्नल हायबरनेट करूच देत नाही. तिथे ड्रायव्हरला बोल लावण्यात अर्थ नसतो.