साष्टींतील लहान शाळा आणि तिची भाषा

मुंबईचीं उपनगरें ज्या बेटावर वसलीं त्याचें जुनें नांव साष्टी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं सारीं त्याच बेटावरचीं. तेथें चर्चच्या आवारांत आजही बालवर्ग आणि प्राथमिक वर्ग भरलेले दिसतात. ह्या शाळा दिसावयास लहान. परंतु एका संबंध समाजानें कोणत्या भाषेंत लिहावें-वाचावें, ह्याचा निकाल अशाच लहान शाळांनीं लावला आहे.

ह्या कथेचा आरंभ बोरिवलीनजीकच्या मंडपेश्वरापाशीं सांपडतो. तेथें शैव लेणीं आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियु दु पोर्तु ह्या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें लेण्यांचें चर्च केलें. वरच्या टेकडीवर मठ व विद्यालय उभें राहिलें आणि देवस्थानाचें उत्पन्न पोर्तुगालच्या राजानें त्याकडे वळविलें. साष्टींतील ख्रिस्ती शिक्षणाच्या पायाशीं दुसऱ्याचें देऊळ आहे, ही गोष्ट झांकून हा इतिहास सांगतां येत नाहीं.

पोर्तुगीज अमलांत चर्चच्या शाळेचें काम मर्यादित असे. प्रार्थना, धर्माचीं मूलतत्त्वें, अक्षरओळख आणि उपासनेपुरतें गायनवादन, एवढ्यावर मुलांचें शिक्षण संपे. प्रार्थना लॅटिनमध्यें, राज्यकारभार पोर्तुगीजमध्यें. परंतु मूल घरीं परतलें कीं आईशीं बोलणें मराठी बोलींतच. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी आणि वसई जिंकली. मंडपेश्वराच्या मठाचे पुढें अवशेष उरले. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांकडे गेली. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज शाळेचा आरंभ १७८० चा मानला जातो. तीही मूळची चर्चचीच शाळा.

खरा पालट आगगाडीनें घडविला. १८५३ मध्यें बोरीबंदर ते ठाणें गाडी धांवूं लागली. पुढें पश्चिमेच्या बाजूसही रूळ आले. शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या मुलासमोर मुंबईंतील कचेरी, गोदी आणि रेल्वेची नोकरी दिसूं लागली, आणि त्या नोकरीची किल्ली होती इंग्रजी. वांद्र्यास १८६३ मध्यें सेंट स्टॅनिस्लॉसची संस्था निघाली. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांशीं नोकऱ्यांसाठीं चढाओढ होती. तेव्हां आपली ओळख निराळी रहावी म्हणून स्थानिक ख्रिस्ती समाजानें १८८७ मध्यें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. कंपनी सरकार जाऊन तेव्हां जवळजवळ तीस वर्षें झालीं होतीं. तरी मराठी घरांतील माणसांनीं तिच्या सेवेची आठवण नांवांत जपली. त्या निवडीस दोष देणें सोपें आहे. परंतु ज्याच्या घरीं पोटापुरतें भात पिकत नाहीं, त्यास भाषाभिमानाचा उपदेश करणें योग्य नव्हे.

मात्र ह्या व्यवहाराची किंमत पडली. लग्नांतील ‘उंबराचें पाणी’ आणि त्या वेळचीं गाणीं मराठींत राहिलीं, पण त्याच घरचें पुस्तक आणि पत्र इंग्रजींत गेलें. एकाच माणसाच्या भावनेची भाषा एक आणि अभ्यासाची दुसरी झाली.

खाडीपलीकडे, वसईस, निराळेंच घडलें. तेथील ख्रिस्ती समाज बराचसा बागायतदार. केळी, भाजी, फुलें ह्यांवर त्याचा चरितार्थ. कचेरीचें आकर्षण तेथें उशिरां पोहोंचलें, आणि चर्चच्या शाळा दीर्घकाळ मराठी राहिल्या. त्याच भूमींतून निघालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्यें उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्म एक, पोर्तुगीज वारसा एक, मूळ बोलीही एकमेकींच्या नात्यांतली; तरी एका तीरावर मराठीचा लेखक निपजला आणि दुसऱ्या तीरावर मराठी केवळ गाण्यापुरती उरली. हा भेद पुष्कळसा पहिल्या इयत्तेच्या पुस्तकानें केला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें बालवर्गाचीं तीन वर्षें शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यांत घेतलीं आणि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मातृभाषेंतून शिकवावें असें सुचविलें. उपनगरांतील वाट मात्र सध्यां उलट दिशेची आहे. साष्टीच्या ख्रिस्ती घरांनीं दीडशें वर्षांपूर्वीं जो सौदा केला, तोच आज अंधेरी-मुलुंडचीं सुशिक्षित हिंदु मराठी घरेंही करीत आहेत. आणि त्यांच्यापुढें तर भाकरीची तितकी अडचणही नाहीं. मुलास इंग्रजी अवश्य यावें. पण ज्या शाळेंत तें अडीच-तीन वर्षांचें असतां प्रथम पाऊल टाकतें, तेथें आईची भाषा उंबरठ्याबाहेर ठेवावी लागते काय, एवढें तरी प्रवेशापूर्वीं प्रत्येक पालकानें पाहून घ्यावें.