छपराचं पाणी

कोकणातलं जुनं घर बघावं ते मुसळधार पावसात. कौलांच्या ओळीओळीतून धार सुटलेली असते, पागोळ्या अंगणाच्या कडेला आपटत असतात आणि भिंत मात्र कोरडी असते. मातीच्या भिंतीला पाण्याइतका दुसरा वैरी नाही, हे ओळखून बांधणाऱ्यांनी छप्परच भिंतीच्या पुढे हात-दोन हात काढलं. पागोळी पडते त्या जागी जांभ्याचे चिरे बसवले. ते नसले तर पहिल्याच आठवड्यात चर पडतो, चिखल भिंतीवर उडतो आणि पायात ओल मुरते. वाऱ्याची बाजू विणलेल्या झापांनी झाकायची. जिथे पाणी वळवणं भागच असे, उदाहरणार्थ दाराच्या वर, तिथे पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून त्याची पन्हळ बांधत.

छपरावर पाणी पडतं तरी किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. रत्नागिरीकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावरून एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी उतरतं. एवढं पाणी भिंतीला न शिवता खाली न्यायचं, तर घराचा आराखडा त्याच्याच हिशोबाने ठरणार.

हे पाणी वळवण्याचं कसब आपल्याकडे फार जुनं आहे. बोरिवलीजवळ कान्हेरीला डोंगरउतारावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या पन्हळींतून लेण्यांलगतच्या टाक्यांत उतरवलेला दिसतो. अशा टाक्यांना तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि त्या कोणी दान दिल्या याच्याही नोंदी आहेत. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना हे पाणी नुसतं घालवायचं नव्हतं, वर्षभर प्यायचंही होतं.

देशावर तऱ्हा वेगळी. पाऊस कमी, म्हणून घरावर सपाट माळवद. त्यावर पांढरी माती अंथरून ठोकायची, बेताचा उतार द्यायचा आणि कडेच्या पन्हळीतून पाणी गल्लीत सोडायचं. चौकाच्या वाड्यात छपरांचे चारही उतार आत येत, चौकातलं पाणी दगडी मोरीतून बाहेर जाई. ती मोरी तुंबली की चौकाचं तळं झालंच.

मोठा बदल आला तो मंगळूरहून. बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने १८६५ मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही चपटी कौलं गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर पसरली. जुन्या घरावरचं एखादं कौल उलटून पाहिलं, तर पाठीवर कारखान्याचं नाव आणि ते साल अजून वाचता येतं. त्याआधीची नळीची कौलं माकडं-मांजरं हलवत, म्हणून दरसाल वैशाखात माणूस चढवून घर शाकारावं लागे. मंगलोरी कौलांनी ते काम बरंच कमी केलं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही स्वस्त झाला, आणि पोफळीच्या पन्हळीची जागा पत्र्याच्या पन्हळीने घेतली.

मुंबईत पाणी बिडाच्या पाइपात गेलं. चाळींच्या भिंतींवरून उतरणारे हे नळ सांध्यात ताग ठासून, वर वितळलेलं शिसं ओतून जोडलेले असत. काम पक्कं, पण एक खोट होती. पाइपाच्या भिंतीकडच्या बाजूला रंगाचा ब्रश पोचत नाही, त्यामुळे गंज तिथूनच धरतो. पुढून पाइप धडधाकट दिसतो आणि मागून पाणी भिंतीत झिरपत राहतं. सांध्याच्या फटीत कावळ्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं, मूळ आत शिरतं, आणि काही वर्षांत सांधाच उखडतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तशी मालकांनी डागडुजीही सोडली. अखेर १९६९ मध्ये सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर लावून वेगळं मंडळ नेमणारा कायदा करावा लागला. पडक्या चाळींच्या कहाणीत भाड्याची चर्चा खूप होते. गळक्या नळाची फारशी होत नाही. ती व्हायला हवी.

आज बीड गेलं, पीव्हीसी आलं. ते गंजत नाही, पण उन्हात ठिसूळ होतं आणि पानांनी बिडाइतकंच तुंबतं. शाकारणी होती तेव्हा वर्षातून एकदा तरी कोणी ना कोणी छपरावर जात असे. गच्ची आली, पाइप आले आणि तो रिवाज सुटला. हे मोठं नुकसान आहे. आताच्या बहुतेक गळतीचं मूळ साध्या कचऱ्यात असतं: गच्चीच्या जाळीवर साचलेली पानं, पन्हळीत बसलेली माती, खालच्या वळणात अडकलेली प्लास्टिकची पिशवी.

म्हणून मृगाआधी एवढं जरूर करावं. जाळी काढून हाताने गाळ उपसावा आणि पन्हळीच्या उंच टोकाला बादलीभर पाणी ओतावं. मध्येच डबकं राहिलं तर उतार बिघडला आहे, ब्रॅकेट उचलून घ्यावा. पाणी पाइपाच्या तोंडाशी चढलं तर तो आत तुंबला आहे, तो खालून मोकळा करावा. आणि पाइपाचं खालचं तोंड पायाशी सुटत असेल, तर ते आधी लांब न्यावं.